नादाची मुदत

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड, जो सर्वस्वी खानदेशाला वाहिलेला आहे, तो १८८० साली प्रसिद्ध झाला. आणि कोणत्या तालुक्यात कोणते पीक येते, जमाबंदी कशी ठरते, कापसाचा व्यापार कोणत्या पेठांतून चालतो, ही सारी दप्तरी माहिती एका ठिकाणी रुजू झाली. त्याच वर्षी नागपंचमीला जळगावजवळच्या असोदे गावी बहिणाबाई चौधरी यांचा जन्म झाला, आणि एडिसनचे फोनोग्राफ यंत्र त्या वेळी जेमतेम तीन वर्षांचे होते. या तीन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही असे वरवर पाहता वाटेल. परंतु ज्याला खानदेशाच्या नादाचा इतिहास लिहावयाचा आहे त्याची अडचण नेमकी येथेच सुरू होते, कारण जमीन मोजणारी साखळी या मुलुखात फिरून गेली तरी गाणे धरून ठेवणारे यंत्र येण्यास बराच अवकाश लागला, आणि ते आले तेव्हा त्याने गाण्याचे सूर मोजले नाहीत, त्याची मुदत ठरवून दिली.

आज जळगावात किंवा धुळ्यात बसलेल्या जिज्ञासू श्रोत्याला बर्लिन, टोकियो किंवा लंडन येथे निघालेली प्रयोगशील मुद्रिका, निखळ विद्युत्-नादांची रचना, अथवा लोकसंगीत मोडून नव्याने जोडणाऱ्या एखाद्या मंडळीचे ताजे काम त्याच दिवशी ऐकावयास मिळते. २०१५ च्या जुलैपासून जगातील ध्वनिमुद्रण-व्यवसायाने नव्या मुद्रिकांसाठी शुक्रवार हा एकच वार मुक्रर करून टाकला आहे. खानदेशात मात्र नवे गाणे वार पाहून निघत नाही, ते आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, कानबाई देवीचा सण आणि लगनसराई यांचा अदमास घेऊन निघते. ही दोन पंचांगे एकाच भ्रमणध्वनीत सुखाने नांदत असूनही, पहिल्या पंचांगाप्रमाणे ऐकणारा मनुष्य बहुधा अशा समजुतीत असतो की अखंड घुमणारा एकसुरी नाद, वाद्याचा मूळ स्वभाव बदलून टाकणारी विद्युत्-योजना, गीताच्या ठराविक आकाराशी केलेली फारकत, हे सगळे बाहेरून आलेले असून आपल्या मुलुखाला त्याचा गंध नव्हता. ही समजूत मला मान्य नाही. ती का मान्य नाही हे सांगण्यासाठी साक्रीच्या पश्चिमेला जावे लागते.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला टेकतो, आणि तेथून कळवण, सुरगाणा व पलीकडे गुजरातेतील डांगपर्यंत कोकणा जमातीची वस्ती पसरली आहे. या जमातीत कथा सांगण्याचे जे वाद्य आहे, ते म्हणजे घरातली काशाची थाळी. थाळीच्या मध्यभागी मेणाचा गोळा चिकटवून त्यात एक सरळ, गुळगुळीत काडी उभी रोवतात, आणि कथेकरी दोन्ही हातांच्या बोटांनी ती काडी आलटूनपालटून वरून खाली ओढू लागतो; काडीचे सूक्ष्म कंपन मेणातून काशात उतरते आणि थाळी बोलू लागते. या नादाला ठोका नाही, आरंभ आणि शेवट यांची स्पष्ट कड नाही. बोटांच्या दाबाप्रमाणे तो किंचित उजळतो किंवा काळवंडतो, एवढेच. त्या नादाच्या अस्तरावर कथेकरी कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची, सृष्टीच्या उत्पत्तीची किंवा रामाची कथा सांगतो, आणि ती रात्रभर चालते. मृताच्या दिवसकार्याला, नव्या धान्याच्या पूजेला, नवसाच्या प्रसंगी ही कथा होते. ती ऐकावयास कोणी तिकीट काढून येत नाही, आणि मध्येच डोळा लागला तर तो अपराधही मानला जात नाही.

न्यूयॉर्कमध्ये ला माँट यंग नावाच्या रचनाकाराने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असाच अखंड नाद आपल्या साऱ्या संगीताचा पाया केला. १९७० साली किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ तेथे गेले, तेव्हा यंग आणि त्याची सहचारिणी मेरियन झझीला या दोघांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले. एका घरात स्थिर विद्युत्-नाद अहोरात्र घुमत ठेवण्याची त्यांची योजना त्याआधीपासूनच चालू होती, आणि तेथे येणारा श्रोता मान किंचित वळवली तरी निराळा स्वर ऐकतो याचे कौतुक झाले. कौतुक रास्तच होते. फक्त साक्रीकडच्या एखाद्या पाड्यावरील म्हातारीला या गोष्टीचे फारसे नवल वाटले नसते, एवढीच नोंद करावयाची. थाळीपासून उठून ओसरीच्या टोकाला जाऊन बसले म्हणजे नाद निराळा लागतो हे तिला लहानपणापासून ठाऊक असणार.

दुसरे वाद्य पावरी. वाळलेला दुध्या भोपळा, त्यात बसविलेल्या बांबूच्या नळ्या आणि टोकाला बैलाचे शिंग, अशी तिची घडण. कुळाने ती पालघरकडच्या तारप्याची जवळची नातलग. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव असतो, तेव्हा व्रत धरलेले भाये पावरीच्या नादावर फेर धरतात, पौर्णिमेच्या रात्री डोंगरावर जातात, आणि पावरकर वाजवणे थांबवीपर्यंत नाच थांबत नाही. पावरीचे सूर थोडे असतात. बाजाच्या पेटीच्या पट्टीशी ते जुळत नाहीत, आणि जुळावेत अशी तिच्या ऐकणाऱ्यांची अपेक्षाही नसते. तिचे सामर्थ्य आवाजाच्या खरखरीत पोतात आणि अथकपणात आहे. अशोक रानडे यांनी लोकसंगीताचे शास्त्र मराठीत मांडताना या संगीताला कलासंगीताच्या गजाने मोजू नये असे पुनःपुन्हा बजावले, ते पावरी ऐकताना पटते.

पूर्व भागातील बायकांच्या गाण्याची मुदतही अशीच कामाने किंवा विधीने ठरलेली होती. जात्यावरची ओवी दळण सरेपर्यंत चाले. आखाजीची गाणी झोका चालेपर्यंत. आणि श्रावणात नागपंचमीनंतर येणाऱ्या रविवारी कानबाई बसली म्हणजे तिच्यापुढचे जागरण विसर्जनाच्या सकाळपर्यंत. घड्याळ या व्यवहारात कोठेच नव्हते. बहिणाबाईंची कविता याच वहिवाटीतून आली. ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरच्या मंडळींनी कागदावर टिपून ठेवली म्हणून वाचली, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने निघाली, त्याच्या आदल्याच वर्षी, ३ डिसेंबर १९५१ रोजी, त्या गेल्या होत्या. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात वसंत पवारांनी त्या कवितांना चाली लावल्या. चाली सुरेख आहेत आणि महाराष्ट्राने त्या घराघरात गायिल्या. परंतु त्या ध्वनिमुद्रण-शाळेतल्या चाली आहेत, तीन-साडेतीन मिनिटांत बसविलेल्या, आणि जात्याचा घरघरता आधारस्वर त्यांतून सुटलेला आहे.

ही तीन मिनिटांची मर्यादा कोठून आली? १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा माणूस गैसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि हिंदुस्थानातील व्यापारी ध्वनिमुद्रणाला प्रारंभ झाला. १९०८ साली डमडमला तबकड्यांचा कारखाना निघाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत, आणि गवई असो की तमाशातली कलावंतीण, त्याने तेवढ्यात आटोपावे असा तो यंत्राचा हुकूमच होता. ज्या बालगंधर्वांचे बालपणीचे संगीत-शिक्षण जळगावात मेहबूबखाँ यांच्यापाशी झाले, त्यांच्या रंगभूमीवरील पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडून एकेका पदाची किती आवर्तने होत हे जुन्या रसिकांनी लिहून ठेवले आहे. तबकडीवर तेच पद ऐकताना गाडी सुटावयाच्या बेतात असलेल्या प्रवाशाची घाई त्यात जाणवते. तरीही तबकडी ही खानदेशात नवलाची वस्तू म्हणून आली आणि मानाची वस्तू म्हणून राहिली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे होऊन जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी झाली होती, कापसाने पेठांत पैसा खेळविला होता, आणि सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत कर्णा दिसू लागला होता.

याच काळात येथे आणखी एक नवा नाद वाढत होता. त्याला संगीत म्हणावे असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, आणि गावोगावचे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने यांचा तो धडधडाट. १९१३ साली इटलीत लुइजी रुसोलो या चित्रकाराने यंत्रांचा गोंगाट हेच पुढील युगाचे संगीत होय असा जाहीरनामा काढला आणि त्यासाठी खास वाद्ये बनविली. मागावर उभ्या असलेल्या कामगाराला हा सिद्धांत ऐकवला असता तर त्याने काय उत्तर दिले असते, याची कल्पना करण्याचा मोह मी आवरतो.

खरे परिवर्तन झाले ते रस्त्यावर, आणि ते घडविले बँडवाल्यांनी. पलटणींच्या बँडवरून संस्थानिकांचे बँड निघाले आणि त्यांवरून लग्नाचे. पितळी वाद्ये, क्लॅरोनेट, साइड ड्रम यांनी सनई-संबळाच्या शेजारी आपली जागा करून घेतली. त्यांच्या मागोमाग बेंजो आला. ज्याला ग्रंथांत बुलबुलतरंग म्हणतात ते हे वाद्य मुळात जपानी आहे. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता याने टंकयंत्रासारख्या कळा बसवून ‘ताइशोगोतो’ नावाने ते तयार केले, आणि दोन-तीन दशकांत ते हिंदुस्थानच्या बाजारात सामान्य माणसाच्या हाती पोचले. त्याच्या तारांखाली विद्युत्-ग्राहक बसवून तो आवाज भोंग्यातून सोडला की त्याला एक तीक्ष्ण, चिरकी धार येते, आणि ही धारच वरातीला हवी असते. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन हमरस्त्यांच्या चौफुलीवरचे गाव. साहजिकच गुजरातेतला गरबा, माळव्यातली लावणीवजा चाल, मुंबईचे सिनेसंगीत आणि घाटावरची पावरी ही सारी तेथल्या वरातीत एकमेकांच्या अंगावर येऊन पडली. या मिश्रणाची कोणी समीक्षा लिहिली नाही. विद्युत्-संगीताच्या इतिहासात खानदेशाला प्रकरण नाही याचे कारण येथे प्रयोग झाले नाहीत हे नव्हे; ते सुपारी घेऊन, ठरल्या बिदागीवर, घामाघूम होऊन झाले, आणि अशा कामाला प्रयोग म्हणण्याची आपल्याकडे रीत नाही.

उलट ज्यांना प्रयोग म्हणून रीतसर मान्यता होती ते पेटीबंद राहिले. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय रचना संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराच्या साहाय्याने मूग यंत्रासह विद्युत्-संगीताची शाळा उभी राहिली. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तेथे काम केले, आणि त्यांच्या फिती सुमारे अर्धशतक कपाटात पडून राहून २०२३ साली लंडनहून प्रसिद्ध झाल्या. मुंबईत चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये जपानी यंत्रांवर दहा रागांची नृत्यलयीतील मुद्रिका केली. तिच्याकडे तेव्हा फारसे कोणी वळून पाहिले नाही, आणि २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर युरोपातील रसिकांनी तिला डोक्यावर घेतले. या दोन्ही कामांविषयी मला आदर आहे. मात्र ती ज्या सालात झाली त्या सालांत ती ऐकणारे फार थोडे होते, आणि खानदेशातील बेंजोवाल्यापुढे त्याच वेळी सबंध गाव नाचत होते, ही विसंगती दृष्टीआड करता येत नाही.

सत्तरच्या दशकात जळगावला आकाशवाणीचे केंद्र आले आणि आपली बोली आपल्या घरात यंत्रातून ऐकू येण्याचा अनुभव लोकांना प्रथमच मिळाला. पण मुदतीच्या दृष्टीने मोठी घटना म्हणजे कॅसेट. फिलिप्सने ती १९६३ मध्ये काढली होती. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात स्वस्त झाली, आणि १९८३ मध्ये गुलशनकुमार यांची कंपनी निघाल्यावर तबकडी-कंपनीची मक्तेदारी पाहता पाहता मोडली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चालते. तीन मिनिटांच्या बेड्या पाऊणशे वर्षांनी तुटल्या, आणि खानदेशाच्या अहिराणी बोलीतील गाणी, सोंगे, देवीची आख्याने, विनोदी संवाद यांना पुन्हा अंग पसरून बसण्यापुरती जागा मिळाली. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने उत्तर हिंदुस्थानातील या क्रांतीवर १९९३ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात स्थानिक बोलींना कॅसेटने दिलेल्या बळाचे जे वर्णन आहे ते खानदेशाला जसेच्या तसे लागू पडते. गाणाऱ्याला मुंबईचा दरवाजा ठोठावण्याची गरज उरली नाही. तालुक्याच्या गावी कॅसेट भरून देणारे दुकान असले म्हणजे पुरे. पुढे चकत्या आल्या, शेजारच्या मालेगावने आपला स्वतःचा चित्रपट-धंदा उभारला, आणि त्याच वाटेने अहिराणी विनोदी चित्रफितीही घरोघर गेल्या.

विद्युत्-पट्टीचे वाद्य, ज्याला कंपनी कोणतीही असो सगळे कॅसिओच म्हणतात, ते याच सुमारास बँडच्या गाडीवर चढले आणि १९८५ नंतर ऑक्टोपॅडही त्याच्या जोडीला आले. येथे एक चमत्कार घडला, आणि तो मला या सबंध इतिहासातला सर्वांत लक्षणीय वाटतो. साक्री-नवापूर पट्ट्यातील वादकांनी त्या यंत्रात पाश्चात्य वाद्यांचे जे तयार आवाज होते त्यांवर समाधान न मानता यंत्राकडून पावरी वाजवून घेतली. स्वर वाकविण्याची जी कळ असते तिच्यावर डावा हात ठेवून, सूर सतत किंचित हलता ठेवून, त्यांनी भोपळा आणि शिंग यांतून निघणारा तो खरखरीत, कुरकुरणारा पोत इतका साधला की दुरून ऐकणारा क्षणभर फसावा. जुन्या पावरकरांना हे रुचले नाही, आणि लोकसंगीताच्या अभिमान्यांना तर ते भ्रष्टच वाटते. मला तसे वाटत नाही. पाश्चात्य पट्टीत जन्मलेल्या यंत्राला त्या पट्टीबाहेर ओढून काढणे हे दुर्मिळ कसब आहे. पावरीचा पोत, तिची लय, तिचा अथकपणा हे त्यात शाबूत राहिले आहे. गमावले ते दुसरेच. वरात दोन-तीन तासांची, त्यात प्रत्येक चाल चार-पाच मिनिटांची. डोंगऱ्या देवाची रात्र त्या हिशेबात बसत नाही, आणि थाळीवरची कथा तर मुळीच नाही. यंत्राने नाद वाचवला आणि मुदत कापली.

त्यात सरकारी कायद्यानेही आपला हात लावला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ध्वनिक्षेपकाला मनाई केली. राज्य सरकार वर्षातून पंधरा दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण त्यापुढे नाही. आजच्या डीजेच्या भिंती पाहता हा नियम अत्यंत न्याय्य आहे, आणि वृद्धांची व रुग्णांची झोप ही कोणत्याही परंपरेपेक्षा कमी किमतीची नाही. तथापि त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की रात्रभराचे गायन पुन्हा ध्वनिक्षेपकाविना गळ्यावर आणि थाळीवर आले, किंवा मग ते बंदच झाले. कानबाईपुढे बसणाऱ्या बायकांचे त्यात काही अडले नाही; त्यांना भोंग्याची गरज कधी नव्हतीच.

भ्रमणध्वनीच्या युगातील गाण्याची मुदत कोणी हुकमाने ठरवलेली नाही, तरी ती पुन्हा चार मिनिटांवर येऊन थांबली आहे. आरंभी बसस्थानकाजवळच्या दुकानांतून मेमरी कार्ड भरून मिळत. आता तेही नको. ‘हाई झुमकावाली पोर’ सारखे अहिराणी गीत कोट्यवधी वेळा पाहिले गेले, ज्यांना अहिराणीचा एक शब्द कळत नाही अशा प्रांतांत लग्नांतून वाजले, आणि या बोलीने पंडितांच्या शिफारशीवाचून आपली हद्द ओलांडली. त्याचा आनंद आहेच. त्या गाण्याचा लहानसा तुकडा काढून त्यावर नाचणाऱ्यांची संख्या मूळ गाणे पुरते ऐकणाऱ्यांहून मोठी असेल असा माझा अदमास आहे. जी मुदत तबकडीने नाइलाजाने कापली होती ती आता ऐकणाऱ्याने आपल्या खुशीने कापली.

परदेशी प्रयोगशील मुद्रिकांत मात्र उलट वारे वाहत आहेत. तासाभराची एकच रचना, चार-चार तासांचे अखंड नाद, जुन्या लोकवाद्यांची न कापलेली मुद्रणे यांना तेथे निष्ठावान ग्राहक आहे, आणि तो थोडा असला तरी पैसे देऊन विकत घेणारा आहे. धुळ्यातला किंवा जळगावातला जो श्रोता शुक्रवारी रात्री कानाला यंत्रे लावून हे ऐकतो, त्याच्यापासून थाळीची कथा मोटारीने फार तर तीन-चार तासांवर आहे. सामान्य प्रतीच्या मुद्रणात एका तासाला ५८ मेगाबाइटांच्या आसपास जागा लागते. आठ तासांची सबंध रात्र ४६० मेगाबाइटांत मावते, म्हणजे हल्लीच्या स्वस्तातल्या स्वस्त भ्रमणध्वनीतही तिला ठाव आहे. जागेची सबब उरलेली नाही. उरले आहे ते इतकेच की कथेकऱ्याची व पाड्याची रीतसर संमती घ्यावी, कथा तिच्या प्रसंगीच होऊ द्यावी, मुद्रणासाठी म्हणून तिला बोलावू नये, कथेकऱ्याचे मानधन आधी ठरवून रोख द्यावे, मुद्रिका निघाल्यास तिच्या उत्पन्नातील त्याचा हिस्सा कागदावर लिहून ठेवावा, आणि जो कोणी यंत्र घेऊन बसेल त्याने पहाटे आवरते घ्या असे सांगू नये.